कादंबरीकारांच्या गावांची एक दिवसाची गाडी (बेळगाव ते बेळगाव) : माझा अनुभव

पहिल्यांदा कामाचं सांगते, कारण स्टेटसला फोटो टाकल्यापासून चौघींनी फोन करून हेच विचारलंय. सहल एका दिवसाची, रविवारची. सकाळी साडेसहाला धर्मवीर संभाजी चौकातून गाडी सुटते, रात्री आठपर्यंत परत आणून सोडतो म्हणतात, आम्हाला सव्वानऊ झाले. माणशी १,४०० रुपये, त्यात नाश्ता आणि दोन वेळचा चहा, दुपारचं जेवण आपलं आपण. गाडी सात सीटची, ड्रायव्हर आणि माहिती सांगणारे सर सोडले तर पाचच जण बसतात त्यामुळं बुकिंग आधी करावं लागतं, मला दीड महिना थांबावं लागलं. कोवाड, आजरा, कागल, निपाणी आणि मग हायवेनं परत बेळगाव. चार गावं, चार कादंबरीकार : रणजित देसाई, शिवाजी सावंत, आनंद यादव, महादेव मोरे.

चालवणारे दोघंच आहेत. एक निवृत्त मराठीचे सर, बेळगावातच तीसेक वर्षं शिकवलेले, आणि दुसरा त्यांचा भाचा, गाडी त्याची. बोर्ड नाही, पावती नाही, या सहलीला नाव पण नाही, वाचनालयातल्या ओळखीतून एकाचं दुसऱ्याला कळतं. भाचा गाडी छान चालवतो, रस्त्यात कानडी, मराठी जे लागेल ते बोलतो आणि रेस करत नाही, हे बायकांनी विचारलं होतं म्हणून मुद्दाम लिहिते.

मी का गेले ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी वडगावची. आमच्या घरात माझ्या लहानपणी चार माग होते, पॉवरलूम, साड्यांचे, आता एकपण नाही. दोन वर्षं झाली मी एक कादंबरी लिहितेय, आजी, आई आणि ते माग यांच्यावर. वहीची एकशे दहा पानं झाली आणि तिथंच अडकलेय. मध्ये मी एक ऑनलाइन लेखनाचा कोर्स पण केला, नाव लिहीत नाही, आठ रविवारचे साडेसहा हजार. तिथं पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं की तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जखम शोधा, कादंबरी तिच्यातूनच येते. सगळ्यांनी आपापली जखम लिहिली, मी माग विकले तो दिवस लिहिला. भंगारवाला आला, वजन केलं, अण्णा आत जाऊन बसले, सगळं खरं खरं लिहिलं. आणि वाचल्यावर ते मला कुणाच्या तरी दुसऱ्याच घरातलं वाटलं. घटना आमचीच होती पण घर आमचं नव्हतं. असं का झालं ते त्या कोर्समध्ये कुणी सांगू शकलं नाही, पुढच्या लेव्हलचे पैसे भरा एवढं मात्र सांगितलं. तर माझ्या डोक्यात तो प्रश्न होता, लेखकाचं आयुष्य आणि त्याचं बालपण त्याच्या कादंबरीत नेमकं कुठल्या वाटेनं शिरतं, आणि तेवढ्यासाठी मी या गाडीत बसले.

सरांचा एक नियम आहे, गाडी सुटायच्या आधी चौकातच सांगतात. लेखकाचं घर बघायचं नाही. कुणाच्या दारात जायचं नाही, घरच्यांना त्रास द्यायचा नाही, उंबऱ्यापाशी सेल्फी नाही. घराकडं पाठ करायची आणि तिथून काय दिसतं, काय ऐकू येतं ते बघायचं. एक काका म्हणाले की मग पैसे कशाचे घेता. मला मात्र तिथंच वाटलं की आज काहीतरी मिळणार.

उचगावच्या बाजूनं कोवाडला पोचलो तेव्हा ताम्रपर्णीवर अजून धुकं होतं. जानेवारी होता, ऊसतोड चालू, ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले. सरांनी नदीकाठी उभं करून पहिली गोष्ट सांगितली ती मला इतकी वर्षं बेळगावात राहून माहीत नव्हती. कोवाडचा चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची वाटणी झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला एक चंदगड तेवढा मुंबई राज्याकडं राहिला. म्हणजे रणजित देसाई १९२८ साली जन्मले तेव्हा त्यांचं कोवाड बेळगाव जिल्ह्यातलं होतं, आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी गाव जागच्या जागी राहून जिल्हा बदलला. आमच्या भागातल्या माणसाला यातलं दुखणं समजावून सांगायला लागत नाही.

पण सरांचं बोलणं सीमेवर थांबलं नाही, ते वाड्यावर गेलं. देसाई जमीनदार घराण्यातले. अशा घरात पोरगं आठ-दहा वर्षांचं असलं तरी पांढऱ्या मिशांचा माणूस त्याला अहोजाहो करतो, त्याच्यापुढं पायरीखाली उभा राहतो. सर म्हणाले की आता ‘स्वामी’ आठवा. १९६२ ची कादंबरी, १९६४ ला साहित्य अकादमी मिळालेली, सगळ्यांनी वाचलेली. त्यात माधवराव सोळाव्या वर्षी पेशवा होतो, पानिपत नुकतंच झालंय, घरात काका, दारात कर्ज, आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयानं जातो. इतिहास तर सगळ्यांना उपलब्ध होता. पण आपल्यापेक्षा दुप्पट वयाची माणसं आपल्यापुढं मान खाली घालतात तेव्हा पोराला आतून काय होतं, तो मान सांभाळताना किती एकटं वाटतं, हे सदरेच्या वरच्या बाजूला बसलेल्यालाच कळणार. हे सरांचं मत. मला पटलं, पण पूर्ण नाही, कारण तिथंच मी विचारलं की मग ‘बारी’चं काय. ती त्याच लेखकाची, आपल्याच बेळगाव-कोल्हापूर रस्त्याकडेच्या रानातल्या बेरड जमातीवरची कादंबरी, त्यात वाडा कुठंय. सर खूश झाले, म्हणाले ते संध्याकाळी परतीच्या रस्त्यावर सुतगट्टीला बोलू, आणि खरंच लक्षात ठेवलं.

नाश्ता कोवाडमध्येच, उप्पीट आणि चहा, ठीक होता, गरम होता.

तिथून नेसरीमार्गे आजरा. नेसरीला प्रतापराव गुजरांच्या स्मारकाजवळ पाच मिनिटं गाडी थांबवली. मावशी एक होत्या आमच्यात, गडहिंग्लजच्या माहेरच्या, त्या म्हणाल्या की आमच्याकडं सात वीरांची गोष्ट शाळेत नाही, चुलीपुढं ऐकलेली. सरांनी लगेच ते उचललं, की या भागातल्या पोरांच्या कानावर इतिहास पुस्तकाच्या आधी असा पडतो, कुणाच्या तरी तोंडून, थोडा वाढवून आणि रडत रडत, म्हणून ऐतिहासिक कादंबरी लिहिणारे इथं इतके निघाले. असेल. मला ते फार सोपं उत्तर वाटलं. चुलीपुढं ऐकणारी पोरं हजार असतात.

आजऱ्याला खरा वाद झाला आणि सहलीतला तो मला सगळ्यात आवडलेला तास. हिरण्यकेशीच्या काठी रामतीर्थापाशी आम्ही बसलेलो, पाणी खळाळत होतं. शिवाजी सावंत आजऱ्याचे, १९४० चा जन्म, शेतकऱ्याचं घर, पुढं कोल्हापुरात शिक्षक. १९६७ ला ‘मृत्युंजय’ आली, नंतर संभाजी महाराजांवर ‘छावा’, कृष्णावर ‘युगंधर’. आमच्यातली एक कॉलेजची मुलगी स्पष्टच म्हणाली, सर, इथं काय बघायचं, यात आजरा कुठंच नाही, हस्तिनापूर आहे, गंगा आहे, रथ आहेत, म्हणजे बालपणाचा आणि कादंबरीचा संबंध असतोच असं कशाला धरायचं. सरांनी काहीतरी संस्कारांचं, वाचनाचं सांगितलं, ते मला पण ढोबळ वाटलं. मग त्या गडहिंग्लजच्या मावशींनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलंय. त्या म्हणाल्या, अगं, आपल्याकडं नवीन पोरगं कुठंपण दिसलं की पहिला प्रश्न काय विचारतात? नाव विचारत नाहीत. ‘कुणापैकी रे तू?’ असं विचारतात.

सगळे गप्प झाले. कारण खरंच आहे. लग्नात, एसटीत, बाजारात, ‘कुणापैकी?’ आणि तुमचं उत्तर आलं की समोरच्याचा चेहरा ठरतो, बसायला पाट येणार का उभ्यानंच चहा मिळणार ते ठरतं. आणि कर्णाला भर रंगभूमीवर कृपाचार्य हेच विचारतात ना, धनुष्य बाजूला राहतं आणि कूळ सांग म्हणतात. लहान गावात वाढलेल्या हुशार पोराला हा प्रश्न किती वेळा गिळावा लागतो. सावंतांच्या आयुष्यात तो कुणी कधी विचारला ते मला माहीत असायचं कारण नाही आणि ते शोधायचं पण नाही मला. पण ‘मृत्युंजय’मध्ये सहा जण बोलतात, त्यातला कर्ण स्वतः ‘मी’ म्हणून बोलतो, आणि तो ‘मी’ वाचताना आमच्या गल्लीतल्या चौथी नापास माणसाला पण तो आपला वाटतो, माझ्या अण्णांना वाटायचा, ते मागावर बसून तोंडपाठ म्हणायचे. घटना हस्तिनापूरची आणि प्रश्न आपल्या वेशीवरचा. मला वाटतं आयुष्य कादंबरीत शिरायची ही एक वाट आहे, आणि जखम शोधा म्हणणाऱ्यांना ती दिसत नाही, कारण ही एका दिवसाची जखम नव्हे, ही रोजची हवा आहे.

जेवण आजऱ्यालाच झालं. घनसाळ भात मागून घ्या, वास दारापर्यंत येतो. थाळी ठीक, आमटी पातळ होती. इथं आमचे चाळीस मिनिटं जास्त गेले आणि त्याचा फटका कागलला बसला. तक्रार नंबर एक हीच. सरांनी घड्याळ बघायला पाहिजे. कागलला फक्त पस्तीस मिनिटं मिळाली आणि चारही गावांत सगळ्यात जास्त बघण्यासारखं तिथंच होतं.

कागल म्हटलं की लोक शाहू महाराजांचं घाटगे घराणं सांगतात. सर आम्हाला तिकडं न नेता गावाबाहेर उसाच्या फडाच्या बांधावर घेऊन गेले, लांब गुऱ्हाळाचा धूर दिसत होता आणि गुळाच्या काहिलीचा वास येत होता. आनंद यादव इथले, १९३५ चा जन्म, दुसऱ्याची शेती कसणारं गरीब घर, खाणारी तोंडं खूप, बापाला पोरगं शाळेत नको होतं, मळ्यात पाहिजे होतं. शिकण्यासाठी पोरगं घरातून पळून गेलं. हे सगळं ‘झोंबी’त आहे, १९८७ ला आली, १९९० ला अकादमी मिळाली. आता हीच ती जखमवाली कादंबरी म्हणता येईल आणि कोर्समध्ये तिचंच उदाहरण दिलेलं. पण बांधावर उभं राहून सरांनी ‘झोंबी’ बाजूलाच ठेवली. ते म्हणाले की ‘झोंबी’ लिहायच्या कितीतरी आधी या माणसानं ‘गोतावळा’ लिहिली. तिच्यात यादवांचं स्वतःचं काही घडलेलं नाही. एक नारबा नावाचा शेतगडी आहे, त्याचा गोतावळा म्हणजे मळ्यातली जनावरं, मालक ट्रॅक्टर आणतो आणि बैल, म्हशी एकेक करून जातात. बस. आणि ती सगळी कादंबरी नारबाच्याच बोलीत आहे, निवेदन पण बोलीत. तोपर्यंत खेड्यातली माणसं पुस्तकात बोलायची खेड्यातलं, पण त्यांच्याबद्दल सांगणारा लेखक शहरातलं बोलायचा, असं सरांचं म्हणणं, त्याला अपवाद असतील, पण मुद्दा कळला.

मग त्यांनी आमच्याकडून एक गोष्ट करून घेतली. दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, डोळे मिटून उभं राहायचं. उसाचं पान पानाला घासतं त्याचा आवाज. लांबून कोयत्यांचे आवाज. कुणीतरी बैलाला ‘हाऽऽ हाऽऽ’ करत होतं. सर हळूच म्हणाले, आता कोवाड आठवा, नदीकाठ तोच, ऊस तोच, मधलं अंतर गाडीनं दीड-दोन तासांचं. पण देसाईंच्या पोराला बैल वाड्याच्या दारात उभा दिसला आणि यादवांच्या पोराच्या हातात त्याचा कासरा होता, पहाटे तळहाताला गार लागणारा. दोघांनी पण शेतीचं बघितलं, एकानं ओसरीवरून आणि एकानं गोठ्यातून. मला वाटतं अख्ख्या सहलीचे पैसे या एका बोलण्यात वसूल झाले. परिस्थिती गरीब का श्रीमंत एवढ्यानं लेखक ठरत नाही, तो कुठं उभा होता आणि त्याच्या हातात काय होतं त्यावरून वाक्य ठरतं. आणि हे बाहेरून आणता येत नाही.

‘नटरंग’ची पण आठवण निघाली, सिनेमा सगळ्यांनी बघितलेला, पण ती मुळात यादवांची कादंबरी हे गाडीत दोघांना माहीत नव्हतं. पैलवानासारखा गडी तमाशापायी नाच्या होतो. ते यादवांचं आयुष्य नव्हे. पण पोटापलीकडं कशाचं तरी वेड लागलं की घर कसं उठून अंगावर येतं ते पुस्तकासाठी घर सोडलेल्या पोराला माहीत असणारच, हे माझं मत, मी गाडीत मांडलं आणि सर म्हणाले बरोबर. यावर अजून बोलायचं होतं पण भाच्यानं हॉर्न दिला.

निपाणीला पोचलो तेव्हा पाच वाजून गेलेले. गावात शिरतानाच तंबाखूचा वास नाकात जातो, दोघींना ठसका लागला. १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन इथलंच, तेव्हा गोळीबार झाला, शेतकरी गेले, आमच्या घरात त्याचं बोलणं व्हायचं कारण आजीची बहीण निपाणीत वखारीत कामाला होती. मी या गावासाठीच जास्त थांबलेले. महादेव मोरे इथं राहिले, इथंच लिहीत राहिले. गॅरेजमध्ये काम केलं, टॅक्सी चालवली, मग पिठाची गिरणी चालवली आणि गिरणी चालवत चालवत कथा-कादंबऱ्या लिहिल्या, ड्रायव्हर लोकांच्या, गॅरेजवाल्यांच्या, वखारीतल्या बायकांच्या. पुण्या-मुंबईच्या बैठकींमध्ये त्यांचं नाव ऐकू येत नाही आणि हे मला बरं वाटत नाही, एवढं इथं लिहून ठेवते.

सरांनी इथं एका चालू गिरणीत आम्हाला वीस मिनिटं उभं केलं. त्यांची गिरणी नव्हे, दुसरीच एक, मालकाला आधी विचारून ठेवलेलं. पट्टा फिरतोय, जातं गरगरतंय, अंगावर पीठ उडतंय, बायका डबे घेऊन थांबलेल्या. आणि त्या आवाजात बोलायचं म्हणजे मोठ्यानंच बोलावं लागतं. एक बाई दुसरीच्या कानाशी तोंड नेऊन सुनेबद्दल काहीतरी सांगत होती आणि ते आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. सर बाहेर आल्यावर म्हणाले की बघा, गिरणीत गुपित पण ओरडूनच सांगावं लागतं, इथं बसणाऱ्या लेखकाला अजून काय पाहिजे.

मी मात्र तिथंच थांबलेले. कारण आमचं घर. चार माग चालू असायचे, खटाखट खटाखट, सकाळी सातपासून. आमच्याकडं कुणी हळू बोलायचंच नाही. आई अण्णांना चहा झाला हे सांगायची ते ओठ मोठे करून आणि हातानं कप दाखवून. आजी कांड्या भरताना भांडायची ती पण ओरडून, आणि गल्लीतल्या लोकांना वाटायचं की या घरात रोज भांडणं असतात. लाइट गेली की एकदम शांत व्हायचं आणि त्या शांततेत कुणाला काय बोलावं ते सुचायचं नाही. आणि माझ्या एकशे दहा पानांत काय आहे? ‘आजी हळूच म्हणाली.’ ‘आई पुटपुटली.’ ‘अण्णा दबक्या आवाजात बोलले.’ पानोपानी. मी वाचलेल्या कादंबऱ्यांमधली माणसं हळूच बोलायची म्हणून मी आमच्या माणसांना पण हळूच बोलायला लावलेलं. मग ते घर आमचं कसं वाटणार.

दुसरी गोष्ट तर याहून मोठी. आमच्याकडच्या बायका ‘मी येते’ म्हणत नाहीत, ‘मी येतो’ म्हणतात. ‘मी जेवलो’, ‘मी गेल्तो’. आई आज पण असंच बोलते, मी पण घरात असंच बोलते. शाळेत हे चूक म्हणून बाईंनी पट्टीनं मारलेलं आणि तेव्हापासून लिहिताना ‘येते, जाते’ हात आपोआप लिहितो, आता हे लिहिताना पण लिहितोय. मी माझ्या आजीच्या तोंडी ‘मी येते गं’ लिहिलंय. आजी ऐंशी वर्षांत एकदापण असं बोलली नाही. तिचं वाक्य ‘येतो गा मी’ असं होतं आणि ते म्हणताना ती पदर खोचायची. ते वाक्य पुस्तकात नाही म्हणजे आजीच पुस्तकात नाही. निपाणीच्या त्या गिरणीबाहेर उभं राहून मला रडू आलं, मावशींनी पाण्याची बाटली दिली.

आता बाकीच्या तक्रारी, कारण जाणाऱ्यांना कळल्या पाहिजेत.

बायकांसाठी बाथरूमची सोय आधी बघून ठेवलेली नाही. आजऱ्याला हॉटेलात झालं, कागलला काहीच नाही, थेट निपाणी. पाच जणांत तीन बायका असताना हे चालत नाही, सरांना तोंडावर सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. झेरॉक्सची पानं देतात, प्रत्येक लेखकाचे उतारे, निवड फार चांगली पण अक्षर इतकं बारीक की चालत्या गाडीत डोकं दुखतं. मागच्या दोन सीटवर सरांचं बोलणं ऐकू येत नाही, एसीचा आवाज आणि त्यांचा आवाज बारीक, म्हणून मधली रांग मागून घ्या.

आणि एक तक्रार मोठी आहे. चारही लेखक पुरुष. मी विचारलं की सर, वेशीवरून, बांधावरून, सदरेवरून काय दिसतं ते दाखवलंत, चुलीपुढून काय दिसतं ते कोण दाखवणार. आपल्या बेळगावातच इंदिरा संत राहिल्या, लिहिलं, शिकवलं. सर म्हणाले त्या कवयित्री, ही गाडी कादंबरीची. मग मी म्हटलं, त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत तरी घ्या, १९३७ चे, बेळगावचेच, तर म्हणाले ते कथाकार. हे मला अजिबात पटलेलं नाही. त्यांच्या लंपनच्या कथा चार पुस्तकांत त्या एकाच पोराच्या मागं चालतात, त्याला कथा म्हणा नाहीतर काहीही म्हणा. आणि आपल्या विषयाला त्याच्याएवढं जवळचं उदाहरण नाही. लेखक स्वतः आजीकडं दत्तक गेलेलं पोरगं, आणि कथेत आई-बाबांपासून लांब आजी-आजोबांकडं राहणारं पोरगं. तेच आयुष्य जसंच्या तसं उचललंय असं कुणी म्हणेल, तसं नाही, लेखकाची पहिली पुस्तकं पन्नाशीनंतर आली, कराडला बरीच वर्षं भूगर्भशास्त्र शिकवल्यावर. इतकी वर्षं ते पोरगं आत कुठंतरी तसंच बसून होतं, बेळगावचं कानडी हेल असलेलं मराठी बोलत. सगळे म्हणतात अनुभव लगेच लिहावा, ताजा असतो. मला वाटतं काही अनुभवांना मुरायला लोणच्यासारखा वेळ लागतो आणि बरणी मध्येच उघडली तर बिघडतं. सरांनी ऐकून घेतलं, पुढच्या वेळी बेळगावातला एक तास सकाळी वाढवायचा विचार करतो म्हणाले. वाढवला तर साडेपाचला निघावं लागेल, मी तयार आहे.

परतीला तवंदी घाट ओलांडला तेव्हा अंधार पडलेला, संकेश्वरला चहा घेतला. सुतगट्टीच्या आसपास सरांनी भाच्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली, ट्रक जात होते, रान काळं दिसत होतं. सकाळचा माझा प्रश्न त्यांनी स्वतःहून काढला. म्हणाले ‘बारी’त देसाई वाड्यातून बाहेर आले, बेरडांपर्यंत गेले, मनापासून गेले, त्यांची माया खरी आहे. पण वाचताना नीट बघा, रान कुठून दिसतं ते. मी म्हटलं रस्त्यावरून? ते हसले आणि म्हणाले, ते तुम्ही वाचून मला सांगा. आमच्यातले काका, तेच सकाळी पैसे कशाचे घेता म्हणालेले, ते म्हणाले की रस्त्यावरून दिसलं तरी कुणीतरी बघितलं ना, बाकीचे तर काचा वर करून जात होते. हे पण मला खरंच वाटतं. दोन्ही खरं आहे. मी आता ती परत वाचायला घेतलीय, साठ पानं झालीत.

पैशाला सहल परवडते का विचाराल तर हो. लेखकाचं घर, खोली, टेबल, चष्मा असलं काही बघायचं असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही, उगाच जाऊन सरांशी भांडू नका. चारांतली निदान दोन पुस्तकं वाचून जा, न वाचता आलेल्या एकांना दिवसभर कंटाळा आला, त्यात सरांची चूक नाही. लहान पोरांना नेऊ नका. पाणी, टोपी आणि जानेवारीत सकाळसाठी स्वेटर. नंबर मी इथं टाकत नाही, सरांनी नको म्हटलंय, बेळगावातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयात मराठी विभागात विचारा, सांगतात.

मी फेब्रुवारीचं परत बुक केलंय, यावेळी आईला घेऊन. तिनं यातली एकपण कादंबरी वाचलेली नाही, अण्णा मागावर म्हणायचे तेवढा कर्ण तिला पाठ आहे. निपाणीला मावशीची वखार कुठं होती ते ती दाखवतो म्हणालीय. तिची सीट ड्रायव्हरच्या मागची सांगून ठेवलीय, पुढचं दिसलं नाही की तिला मळमळतं.